सातारा आधी लागतं

मुंबई-पुण्याकडून येताना आधी सातारा लागतं, मग कराड, आणि मग सांगली-मिरज. भूगोलाच्या पुस्तकात ही माहिती अगदी गरीब दिसते. पण ज्याचं घर मिरजेत आणि सासरवाडी साताऱ्यात, त्याने एकदा आईवडील, बायको, पोरं असा सगळा लवाजमा घेऊन परदेशी जावं आणि शेवटच्या दिवशी सामान बांधायला बसावं. या क्रमात किती दारूगोळा भरलाय, ते बॅगेची चेन ओढताना कळतं.

आमचा परदेश म्हणजे दुबई. आमच्याकडच्या मध्यम ऐपतीच्या मुसलमान घराला परदेशाचे ठळक रस्ते दोनच. एक मक्का-मदिनेचा, त्याला कुणी सहल म्हणत नाही. दुसरा दुबईचा, त्याला सहलीशिवाय दुसरं काही म्हणता येत नाही. उमरा करून आलेल्या माणसाचे हात लोक हातात घेतात आणि ‘आमच्यासाठी दुआ केली ना?’ म्हणून विचारतात. दुबईहून आलेल्याच्याही हातांकडेच लोक बघतात, पण त्यात काय आहे ते बघायला.

शेवटचा दिवस सोडला तर बाकीची सहल रीतसर दुबईची झाली. बुर्ज खलिफा पाहिली. ही ८२८ मीटर उंचीची इमारत ४ जानेवारी २०१० ला खुली झाली आणि तेव्हापासून तिच्याहून उंच इमारत जगात नाही. बायकोने मान मागे टाकून टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, “समुद्रसपाटीपासून मोजला तर आमचा अजिंक्यतारा हिच्यापेक्षा उंच भरतो. आणि तिकीट नाही.” अब्बांनी वर जायच्या तिकिटाचा दर विचारला.

“वर जाऊन काय करायचं असतं?”

“खाली बघायचं असतं, अब्बा.”

“मग आपण खालीच आहोत की.”

अम्मीची तऱ्हा निराळी. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण दुबईत उतरल्यापासून तिचा चोवीसचा पाढा असा पक्का झाला, की दुकानदाराने दिरहममध्ये किंमत सांगायचा अवकाश, अम्मीच्या तोंडून रुपये बाहेर पडायचे आणि रुपयांपाठोपाठ “नक्को”. दुबईतल्या बऱ्याच वस्तू तिने अशा गुणाकारानेच नाकारल्या.

शेवटच्या दिवशी मात्र गुणाकार बंद पडला आणि भागाकार सुरू झाला. म्हणजे एवढं सामान भागिले एवढी माणसं.

माणूस परदेश बघायला जातो हा एक गोड गैरसमज आहे. तो परदेशाहून आलेला माणूस म्हणून गावात दिसायला जातो. बुर्ज खलिफा गल्लीत आणून दाखवता येत नाही. खजुराचा डबा दाखवता येतो. म्हणून शेवटच्या दिवशी खिडकीबाहेर दुबई कितीही झगमगत असो, खोलीत गाव येऊन बसलेलं असतं. फजरच्या नमाजानंतर अब्बा चहाला बसले, अम्मीने कापडी पिशवीतून वही काढली, आणि बर दुबईतल्या त्या खोलीत एकेक करून माणसं हजर व्हायला लागली. साताऱ्याच्या सदर बझारातली, कराडच्या मनोऱ्यांजवळची, सांगलीच्या शंभर फुटी रोडवरची, आणि आमची खुद्द मिरजेची.

यादी करणं वरून सोपं वाटतं. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला वस्तू. पण आमच्याकडची आडनावं धंद्यांवरून पडलेली आहेत, आणि धंदा सुटला तरी नजर सुटत नाही. अत्तारांच्या घरी दुबईचं अत्तर न्यायची छाती कुणाची आहे? बाटलीचं झाकण निघायच्या आत ते यात चंदनाचं तेल नाही म्हणून सांगतील. मणेरांना बांगड्या दाखवल्या तर त्या हातात न घालता उजेडात धरून बघतील. नदाफांच्या घरी गुबगुबीत ब्लँकेट न्यावं, तर त्यांचे आजोबा बोटाने चिमूट दाबून “कापूस नाही” एवढाच निकाल देतील. आम्ही स्वतः बागवान, म्हणजे अर्धे नातेवाईक फळवाले. त्यांच्यापुढे खजूर ठेवले की चव बघायच्या आधी प्रश्न येतो, “क्या भाव पडा?” भाव सांगितला की दुसरा प्रश्न, “किलोको?” आणि मग एक दीर्घ शांतता. त्या शांततेत आपण लुटले गेलो आहोत, हे आपल्याला समजावं अशी व्यवस्था असते.

शिकलगारांचं तर बोलायलाच नको. मिरजेतल्या शिकलगारांचे पूर्वज हत्यारं पाजळायचे. संस्थानी काळात त्यांनी हत्यारं ठेवून सतारी आणि तंबोरे करायला घेतले. त्या कामाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्यातला एक माझा शाळासोबती. त्याला फोन करून विचारलं, “तुला दुबईहून काय आणू?” तो म्हणाला, “काय नको. एखाद्या दुकानात आपला तंबोरा दिसला तर भोपळ्याचा फोटो तेवढा काढून आण. कुणाच्या हातचा आहे ते मी सांगतो.” ज्याला काही नको असतं, तो माणूस यादीला सगळ्यात महाग पडतो. माझी मुलगी त्यासाठी दोन मॉल फिरली.

सर्वांत कठीण मागणी मात्र पंढरपूरच्या फुफीची. अब्बांची ही थोरली बहीण. तिने व्हॉइस मेसेज पाठवला होता: “माझ्यासाठी कपडालत्ता काय आणू नका. आबे जमजम आणा, एक बाटली.” अम्मीने तिला फोनवर समजावलं, की जमजम मक्केत मिळतं, दुबईत नाही, आणि दुबईहून मक्का हजार किलोमीटरच्या वर आहे. फुफी क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “पण अरबच आहेत ना तेपण? कुणाच्या तरी घरात असंलच की. मागून घे थोडं.” जमजमची बाटली यादीत राहिली. तिच्यासमोर अम्मीने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पेन्सिलने ते दोनदा गिरवलं.

यादी घेऊन आम्ही खाडी ओलांडून देऱ्याला निघालो. दुबईच्या खाडीत लाकडी होड्या चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. भाडं एक दिरहम. सगळ्या दुबईत अम्मीने गुणाकार न करता पैसे दिले ते इथे. अब्बा, ज्यांनी कृष्णाकाठी उभा जन्म काढलाय, ते होडीच्या मधोमध बसून नावाड्याला सल्ले देत होते. नावाडी बांगलादेशी होता. त्याला अब्बांची दखनी कळत नव्हती आणि अब्बांना त्याची बंगाली, त्यामुळे दोघांचं मत जुळलं.

सोन्याच्या बाजारात शिरल्याबरोबर एका काचेमागे ती प्रसिद्ध अंगठी दिसली. नाव नजमत तैबा. एकवीस कॅरेट, वजन जवळजवळ ६४ किलो. जगातली सर्वांत मोठी सोन्याची अंगठी म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे. लोक तिच्यासमोर उभे राहून सेल्फी काढत होते. अम्मीने तिच्याकडे सासूच्या नजरेने पाहिलं. “सुनेला घातली की काम करायची सुटली,” असं म्हणून ती पुढे गेली. माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब. आमचं तिकीट स्वस्तातलं, माणशी वीस किलो. तिघांच्या बॅगा रिकाम्या केल्या तरी ही अंगठी बसली नसती.

खऱ्या सोन्याचा प्रश्न मात्र गंभीर होता. सासरे म्हणाले होते, “बघा एखादं कडं, तिकडे स्वस्त असतं.” आता परदेशातून दागिने बिनजकातीचे आणायची सवलत आपल्या सरकारने ठेवलीय. पण ती वर्षाहून जास्त काळ बाहेर राहून परतणाऱ्यांना, पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम. आठवड्याभराच्या पाहुण्यांसाठी ती नाही. बायकोने ही अट वाचली आणि माझ्याकडे बघून विचार करायला लागली. म्हणजे वर्षभर राहायला कोणाला मागे ठेवता येईल, याचा विचार. अब्बा प्रत्येक पेढीच्या पायरीवर थांबून विचारत होते, “इधर कोई विट्याका है क्या?” ते चूक नव्हते. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात पडली आणि पिढ्यान् पिढ्या देशभराच्या सराफ पेठांत पांगली. देशात कुठेही सोनं वितळत असलं, तर ते वितळवणारा गलाईवाला आपल्या तालुक्याचा निघण्याची शक्यता असते. देऱ्यात त्या दिवशी कोणी निघाला नाही. अब्बांच्या मते तो जेवायला गेला असणार.

तिथून दोन पावलांवर मसाल्यांचा बाजार. केशर, लोबान, वाळलेली लिंबं, गुलाबाच्या कळ्या, आणि पोत्यांची तोंडं गुंडाळून लावलेली हळकुंडं. हळकुंडं दिसली आणि अब्बा थांबले. दुकानदार केरळचा, गोड बोलणारा. “चाचा, बेस्ट हल्दी!” तो म्हणाला. सांगलीच्या बाजारात उमेद घालवलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवायला नको होतं.

अब्बांनी एक हळकुंड उचललं. आधी नखाने साल खरवडली. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून कट्कन मोडलं, आवाज ऐकायला कान जवळ नेला. मोडलेलं तोंड उन्हाकडे फिरवून आतला रंग पाहिला, तळहातावर घासलं, हुंगलं, आणि मग स्टुलावर बसले. हे बसणं मला लहानपणापासून माहीत आहे. पुढचा अर्धा तास दुकानदाराला सांगलीची राजापुरी हळद समजली. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीच्या पोटात खोल पेवं खणून त्यांत हळद कशी भरायचे, तोंड कसं मातीने बंद करायचे, आणि वर्षानुवर्षं तिला कीड कशी लागत नसे, हे समजलं. २००५ च्या महापुराचं पाणी त्या पेवांत कसं शिरलं, हेही समजलं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं अब्बांनी अशा आवाजात सांगितलं, जणू चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातला तो कागद त्यांनीच सही करून पाठवला होता. दुकानदाराने मुकाट ऐकलं. मध्ये सुलेमानी चहा मागवला. शेजारच्या बरणीतल्या बेदाण्याकडे बोट दाखवून “ये तो तासगाँवका है,” असंही अब्बांनी त्याला सांगून टाकलं. बरणीवर काय लिहिलं होतं ते मला दिसत होतं. अब्बांना ते वाचायची गरज नव्हती.

शेवटी ते उठले आणि म्हणाले, “आधा किलो तोलो.”

मी म्हटलं, “अब्बा, हळद? सांगलीला?”

“बिचाऱ्याचा किती वेळ घेतला. च्या पाजला त्याने. काही तरी घ्यायला नको?”

अशा रीतीने हळदीच्या पेठेतला माणूस दुबईहून अर्धा किलो हळद घेऊन निघाला.

त्याच गल्लीत अम्मीने जानमाज, तसबी आणि बुरख्याचं कापड एका दुकानात एकत्र घेतलं. दुकानदाराने २६० दिरहम सांगितले. अम्मीने वीस मिनिटं झुंज देऊन २४० वर आणले. माझी मुलगी मोबाइलवर वाचत होती. ती ओरडली, “दादी! अडीचशेच्या वरचं बिल असतं तर विमानतळावर टॅक्स परत मिळाला असता!” तिचं खरं होतं. दुबईत २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहे, आणि एका बिलावर किमान २५० दिरहमची खरेदी असेल तर पर्यटकाला त्यातला काही परत मिळतो. क्षणभर सगळ्यांना हळहळ वाटली. अम्मीने विचारलं, “किती मिळाले असते?” मुलीने हिशेब मांडला. २६० मधला कर साधारण बारा दिरहम, त्याचे ८५ टक्के, वर बिलामागे त्यांचं शुल्क वजा ४.८० दिरहम. म्हणजे हातात जेमतेम सहा. “आणि मी किती वाचवले?” वीस. अम्मीने पदर सावरला आणि संयुक्त अरब अमिरातींच्या करप्रणालीकडे पाठ करून ती चालू लागली.

दुपारी बाराला खोली सोडायची होती. विमान रात्रीचं. हॉटेलवाल्यांनी हा मधला वेळ माणसाचा कस पाहायलाच ठेवलेला असतो. सकाळपर्यंत तुम्ही पाहुणे. बारा वाजून पाच मिनिटांनी तुम्ही लॉबीत बॅगांवर बसलेले विस्थापित. काउंटरवर टुरिझम दिरहमचं बिल आलं, म्हणजे खोलीमागे दर रात्रीचा वेगळा कर. अब्बांनी ते वाचलं आणि विचारलं, “झोपायचा पण टॅक्स?” काउंटरवरची फिलिपिनो मुलगी हसून “येस सर” म्हणाली. तिला वाटलं अब्बा तारीफ करतायत.

आणि मग, लॉबीच्या गुळगुळीत फरशीवर, बॅगा उघडल्या गेल्या.

मुद्दा साधा होता. लाल बॅग साताऱ्याची, निळी मिरजेची. उरलेल्या बॅगांत कपडे आणि पोरांचा पसारा. पण मुंबईत उतरून गाडीने घरी जायचं, तर वाटेत सातारा. साताऱ्याला माझ्या मेहुण्याकडे जेवण. जेवण म्हणजे बॅग उघडणं. आणि बॅग एकदा उघडली की लाल कोणती नि निळी कोणती, हे पोरं, मावश्या आणि बिर्याणीचा वास यांच्या गर्दीत कोण बघतो? अम्मीची अनेक वर्षांची व्यथा ही, की या घरात बाहेरून जे जे येतं ते आधी साताऱ्याचं पाणी पिऊन येतं. मागे एकदा पुण्याहून आणलेली बाकरवडी मिरजेत पोचली तेव्हा पिशवीत फक्त बिल होतं. त्यावर साताऱ्याचं म्हणणं असं, की आम्ही बदल्यात कंदी पेढ्यांचा बॉक्स पाठवला होता. मिरजेचं म्हणणं असं, की तो अर्धा होता. हा खटला अजून चालू आहे.

कुनाफा चॉकलेटांवर पहिली चकमक झाली. दुबईचं ते पिस्त्याचं चॉकलेट आता एवढं गाजलंय, की यादीतल्या ज्या ज्या माणसाला काय न्यावं ते सुचलं नाही, त्याच्यापुढे अम्मीने तेच लिहिलं होतं. सात लाल बॅगेत, पाच निळ्या बॅगेत, असं बायकोने लावलं. अम्मी काही बोलली नाही. तिने फक्त निळ्या बॅगेतून एक जानमाज काढून बायकोसमोर ठेवली आणि विचारलं, “ही तुझ्या अम्मीला द्यायची ना? की त्यांच्याकडे आहे?” आमच्याकडे याला भांडण म्हणतात. घरात आम्ही दखनी बोलतो आणि बाहेर मराठी. पण सासू-सुनेच्या या प्रकाराला भाषा लागतच नाही. दोन मिनिटांत चॉकलेटं सहा-सहा झाली. मे महिन्याच्या उन्हात मिरजेपर्यंत पोचल्यावर त्यांची आकडेवारी तशीही एकजीव होणार होती.

प्रश्न हळदीचा राहिला. सांगलीच्या माणसांसमोर दुबईची हळद बाहेर काढली तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, म्हणून अम्मीने ती लाल बॅगेत सरकवली. बायकोने बाहेर काढली. “साताऱ्यात कशाला? वाईला काय कमी हळद पिकते?” निळ्या बॅगेतून पुन्हा हकालपट्टी. अर्धा किलो हळद कुठल्याच जिल्ह्याला नको होती.

अब्बा इतका वेळ बाजूला बसून भडंग खात होते. घरून निघताना सांगलीच्या भडंगाची एवढी पाकिटं घेतली होती, की दुबईत दुष्काळ पडला असता तरी आम्ही तरलो असतो. ते रोज थोडं थोडं खात होते, कारण “खाल्लं तेवढं वजन उतरतं” हा त्यांचा सिद्धांत. वजन स्वतःवर चढतं आणि स्वतःचं वजन विमानवाले मोजत नाहीत, हा त्यातला बारकावा. काउंटरवरच्या मुलीलाही त्यांनी मूठभर दिलं. तिने एक घास खाल्ला, डोळे मोठे केले, आणि पाण्याची अख्खी बाटली संपवून पुन्हा हात पुढे केला. दुबईत सांगलीचा हा एवढाच निर्विवाद विजय.

मग अब्बांनी बाह्या सारल्या. बाजारात जन्म गेलेला माणूस. डाळिंबाची पेटी हातात घेऊन किलोचा आकडा सांगणारा. त्यांनी लाल बॅग उचलली, डोळे मिटले, किंचित हलवली. “वीसला पाव कमी.” निळी उचलली. “साडेएकोणीस.” मुलाने हँडलला लटकवायचा इलेक्ट्रॉनिक काटा काढला, अब्बांनी त्याच्याकडे अशा दयेने पाहिलं की पोराने तो परत खिशात घातला. अब्बांनी निळ्या बॅगेची चेन उघडली, बेवारस हळद आत टाकली, चेन लावली. “आता भरली.”

दुपारची नमाज आम्ही शेजारच्या मशिदीत पढलो. प्रवाशाला आमच्या हनफी मसलकात मोठी सवलत आहे. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकातींतच होतात. मशिदीतून बाहेर पडताना अब्बा म्हणाले, “अल्लामियाँने मुसाफिराला निम्मी सूट दिली. विमानवाल्यांना सामानात काय झालंय?” वर असं, की ही सूट साधारण सत्त्याहत्तर किलोमीटरपुढच्या प्रवासाला लागते, मिरजेहून सातारा त्याहून लांब. म्हणजे सासरवाडीला गेलो तरी मी शरियतनुसार मुसाफिरच असतो. हे मी बायकोला कधी सांगितलेलं नाही. जेवणाच्या पंगतीत जावयाला मिळणारा मान बघता, ते तिच्या भावांना आधीच माहीत असावं.

विमानतळावर काट्याने निळ्या बॅगेचं वजन वीस किलो चारशे ग्रॅम दाखवलं. अब्बा काउंटरवरच्या माणसाला शांतपणे म्हणाले, “तुमचा काटा पासिंग करून घ्या.” मागे रांग वाढत होती. बॅग उघडली, हळद बाहेर आली. या वेळी अब्बांनी कुणाची वाट पाहिली नाही. पाकीट नेहरू शर्टाच्या खिशात घातलं. विमानतळाच्या सुरक्षा तपासणीतून एक सत्तरीचा गृहस्थ खिशात अर्धा किलो हळकुंडं घेऊन गेला आणि पलीकडे जाऊन अधिकाऱ्यालाच पेवांची माहिती द्यायला लागला. तो अधिकारी पाकिस्तानी होता का इजिप्तचा, ते कळलं नाही. पण मान डोलवत होता.

गेटजवळ बसल्यावर अम्मीने आपला शेवटचा डाव टाकला. तो तिने सकाळपासून राखून ठेवला असणार. “गाडी कशाला करायची मुंबईहून?” ती म्हणाली. “घाटात पोरांना मळमळतं. यांच्या कमरेलाही झेपत नाही. सरळ रेल्वेने जाऊ. महालक्ष्मीने. रात्री बसायचं, सकाळी मिरज.” बोलणं अगदी साधं होतं, पण मी रेल्वेच्या गावात वाढलोय. महालक्ष्मी एक्सप्रेस सातारा ओलांडते ती उत्तररात्री. त्या वेळी लाल बॅग, निळी बॅग आणि साताऱ्याची सून, सगळे बर्थवर झोपलेले असतात. पुस्तकातला भूगोल अम्मीला बदलता येत नव्हता. तिने वेळापत्रक वापरलं.

बायको काही बोलली नाही. तिने मोबाइल काढला आणि भावाला फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “रेल्वेने येताय? अगं मग साताऱ्याला थांबते की गाडी! झोपू नका. आम्ही सगळे येतो स्टेशनवर. अम्मीपण येतेय. पेढे घेऊन येतो. लाल बॅग दरवाजाशी ठेवा, मी तिथूनच घेतो.” सातारचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, तिथे रात्री माणसाला रिक्षा मिळत नाही, पण दुबईची बॅग येणार म्हटल्यावर माझी सासरवाडी चालतही आली असती.

अम्मीने पाच मिनिटं विमानांकडे बघितलं. मग अब्बांना कोपराने ढोसून हळूच विचारलं, “कुर्डुवाडीवरून मिरजेला गाडी जाते ना हो?”

“जाते की,” अब्बा म्हणाले. खिशातली हळकुंडं काढून ती पुन्हा एकदा हुंगली. “वाटेत पंढरपूर लागतं. आपा स्टेशनवर बाटली घेऊन उभी असंल. काय भरणार तिच्यात?”